न्हाणीघरातली अकरा मिनिटं

हिंदुराव डुबलांना काहीतरी हवं होतं. डाव्या हाताचं बोट ते स्वयंपाकघराकडे करत होते आणि "त... तं... ते..." एवढ्यावरच अडत होते. विजयमालाबाईंनी पाणी आणलं, त्यांनी मान हलवली. चहा आणला, पुन्हा मान हलवली. चष्मा, टॉवेल, औषधांची डबी, सगळं समोर धरून झालं. शेवटी हिंदुरावांनी डोळे मिटले आणि खुर्चीत मागं रेलले. काय हवं होतं ते राहूनच गेलं.

तेवढ्यात ओसरीवर चपला वाजल्या. जत्रा कमिटीचे अध्यक्ष सर्जेराव निकम चार माणसं घेऊन आले होते. रोज कोणी ना कोणी यायचंच, त्यामुळे विजयमालाबाई न सांगता चहाचं आधण वाढवायला वळल्या.

"काय अण्णा, होऊन जाऊ द्या की एकदा!" सर्जेराव बसता बसताच म्हणाले.

हिंदुरावांनी डोळे उघडले. पाठ ताठ झाली, मान वर आली, आणि मघाशी 'त'च्या पुढं न सरकलेला माणूस गरजला, "सुटली रं सुटली, जोड सुटली! तांबडी माती कपाळाला, वस्तादाचं नाव ओठाला, आन् दोन वाघ आखाड्यात उतरलं! हलगीवाल्या, हात आखडू नगंस! पोरंवाल्यांनी पोरं धरा, फेटंवाल्यांनी फेटं धरा, आता जे हुणार हाय ते डोळ्याचं पातं लवायच्या आत हुणार हाय!"

एक अक्षर अडलं नाही. चारही पाहुण्यांच्या अंगावर काटा आला, एकानं तर डोळेच पुसले. तीस वर्षं आसपासच्या चार तालुक्यांत कुस्तीचं मैदान म्हटलं की हा आवाज लागायचा. पैलवान कोण हे लोक नंतर विचारायचे, निवेदनाला डुबल अण्णा आहेत ना, हे आधी.

"बरं झालं की माणूस!" सर्जेराव विजयमालाबाईंकडे बघून म्हणाले. "वैनी, यंदाच्या जत्रेला अण्णाच बोलणार. अजून महिना हाय. रोज संध्याकाळी तालीम घेऊ."

विजयमालाबाईंचा ऊर भरून आला. त्यांनी कपात जरा जास्तच साखर घातली.

आठ महिन्यांपूर्वी हिंदुरावांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, पाय काठीवर आला आणि वाचा पार गेली. ती थोडीफार परत आली ती कोल्हापूरच्या वाणी संशोधन केंद्रामुळं. तिथं नाकात मारायचा एक फवारा निघाला होता. लहानपणी मेंदूत भाषा शिकण्याची एक खिडकी उघडी असते, मोठेपणी ती बंद होते. फवारा ती खिडकी पुन्हा उघडायचा. मात्र नव्वदच दिवस आणि आयुष्यात एकदाच, कारण दुसऱ्या खेपेला मेंदू त्या औषधाला दाद देत नसे. नव्वद दिवसांत जे बोलणं बसेल ते आपलं, बाकीचं गेलं.

विजयमालाबाईंनी हे मनावर घेतलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली होती. बोलायला न येणारी शेकडो पोरं त्यांच्या हाताखालून बोलती होऊन गेली होती. त्यांची रीत ठरलेली होती, सांग बरं, म्हणून दाखव. वारांची नावं म्हणून दाखव, पाहुण्यांना गाणं म्हणून दाखव, साहेब आलेत, त्यांना हात जोडून नाव सांग. हिंदुरावांनाही त्यांनी त्याच वर्गात बसवलं. भिंतीवर शब्दांचा तक्ता टांगला. सकाळी स्वतः समोर बसायच्या, दुपारी शेजारची मंडळी, संध्याकाळी गावातले. माणसानं माणसांत राहावं म्हणजे बोलणं सुटतं, असा त्यांचा हिशेब होता.

फवाऱ्याच्या बासष्टाव्या दिवशी त्या हिंदुरावांना घेऊन कोल्हापूरला तपासणीला गेल्या. मैदान गाजवणारं ते निवेदन डॉक्टरीणबाईंना ऐकवायचं म्हणून वाटेतच त्यांनी हिंदुरावांना दोनदा म्हणायला लावलं होतं.

डॉक्टर रेवती ऐनापुरे पस्तिशीची, मोकळ्या स्वभावाची बाई होती. तिनं निवेदन ऐकलं, टाळीही वाजवली. मग हिंदुरावांना हळूच विचारलं, "काका, सकाळी काय खाल्लंत?"

हिंदुरावांनी बायकोकडे बघितलं, मग छताकडे. "त... तं..." कपाळावर घाम आला. आणि एकदम जोरात, "सुटली रं सुटली, जोड सुटली!"

डॉक्टर हसली नाही. हिंदुरावांच्या कानामागं कागदाएवढी पातळ पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर दिव्याचा एक बारका ठिपका. तिच्यात गेल्या बासष्ट दिवसांची नोंद होती. ती नोंद पडद्यावर घेऊन ती बराच वेळ बघत बसली. हिंदुरावांना परिचारिकेपाशी बसवून मग ती विजयमालाबाईंना म्हणाली, "काकू, जरा माझ्याबरोबर या. तुम्हाला पाखरं दाखवते."

केंद्राच्या मागं दोन खोल्यांत झेब्रा फिंच ठेवलेले होते. चिमणीहून लहान, नारिंगी चोचीचे, अखंड चिवचिवणारे. "ह्या जातीत गातो तो नर," डॉक्टर म्हणाली. "पण गाणं घेऊन जन्माला येत नाही. बापाचं ऐकून शिकतो. आधी नुसतं बरळतो, हजारदा चुकतो, मग एक दिवस गाणं बसतं."

तिनं भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं. एकाच नराच्या गाण्याच्या रेघा एकाखाली एक उमटल्या होत्या. वरच्या सगळ्या तंतोतंत एकसारख्या. खालच्या मात्र प्रत्येक वेळी जरा वेगळ्या, कुठं स्वर लांबलेला, कुठं घसरलेला.

"वरचं गाणं मादी समोर असतानाचं. खालचं एकटा असतानाचं. मादी समोर आली की त्याच्या मेंदूतल्या एका बारक्या भागात डोपामिन नावाचं रसायन वाढतं आणि वाढलेलंच राहतं. मग मेंदू म्हणतो, आता प्रयोग बंद, जे पक्कं येतंय तेच गा. मादी गेली की पातळी उतरते. मग तो मोकळा होतो. एक स्वर असा लावून बघ, एक तसा. जो बरा लागला त्याला त्याच रसायनाचा एक छोटा थेंब बक्षीस मिळतो, जो फसला त्याला मिळत नाही. असं करत करत मेंदू बरं तेवढं ठेवून घेतो. शिकणं होतं ते तेव्हा, कोणी बघत नसताना."

विजयमालाबाई एका पिंजऱ्याशी थबकल्या. आतला नर त्यांच्याकडे बघून गप्प बसला होता. "मग ह्यांचं काय?" त्यांनी विचारलं.

"तेच. काकांच्या समोर माणूस आलं की ही पट्टी पिवळी होते. म्हणजे त्यांचा मेंदू दाखवायच्या तयारीत गेला. त्यांना सगळ्यात पक्कं काय येतं? निवेदन. तेच येतं. तुम्ही जितकं म्हणून घेता तितकं ते घट्ट होत चाललंय. एकटे असले की पट्टी हिरवी व्हायला हवी. बासष्ट दिवसांत ती हिरवी झालीय फक्त सकाळी, सव्वासातच्या सुमाराला. रोज अकरा मिनिटं. काकू, सव्वासातला तुम्ही त्यांना काय देता?"

विजयमालाबाईंनी विचार केला. आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "तेव्हा ते न्हाणीघरात असतात."

"एकटेच?"

"आत एकटेच. मी दाराशी उभी असते. पडले-बिडले तर?" त्या थांबल्या. "मधनं मधनं विचारते, झालं का म्हणून."

"म्हणजे दर दोन मिनिटांनी मध्येच पिवळं होतंय ते तुमचं 'झालं का' होय!" डॉक्टरला हसू आवरलं नाही. बासष्ट दिवस विजयमालाबाईंनी नवऱ्याला क्षणभर एकटं सोडलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता. आलागेला प्रत्येकजण म्हणायचा, बाई असावी तर अशी.

"म्हणजे मीच त्यांची वाट लावली," त्या कशाबशा म्हणाल्या.

"चूक आमची पण आहे. आम्ही सांगितलं, बोलायला लावा. पाखराला एकटं ठेवायला वेगळा पिंजरा पुरतो. पण आपल्या घरात आजारी माणूस कधी एकटा नसतो, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही." तिनं विजयमालाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि एक चांगलं आहे. त्या अकरा मिनिटांत काका पुटपुटतात. पट्टी आवाज साठवत नाही, पण घशाची हालचाल कळते. निवेदन नाही ते, काहीतरी नवंच आहे. बोलणं मेलेलं नाही, काकू. त्याला जागा मिळत नाहीये."

विजयमालाबाईंना एकाच वेळी रडू आलं आणि मोठा श्वासही आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं की आत काहीतरी जिवंत आहे.

"किती दिवस राहिले?"

"अठ्ठावीस. रोज तीन-चार तास एकटं ठेवा. लपून ऐकायचं नाही, त्यांना कळतं. एक दिवस तुमच्यासमोर, पिवळ्या दिव्यात, त्यांच्या तोंडून नवं वाक्य आलं की समजायचं बसलं. तोवर कळ काढा."

सांगणं सोपं होतं. परतल्यावर पहिली गाठ सर्जेरावांशी पडली. विजयमालाबाईंनी त्यांना ओसरीवरच गाठलं आणि यंदा अण्णा मैदानात बोलणार नाहीत, तालीमही होणार नाही, असं सांगून टाकलं.

"आवो वैनी, फलक लागल्यात!" सर्जेराव चिडले. "आन् एकटं ठिवायचं म्हंजे काय? गावानं वाळीत टाकल्यागत? उद्या लोक म्हणतील, बाईनं आजारी माणसाला कोंडून घातलं."

"म्हणू देत."

"मग आमी ते मशीन लावू. अण्णांचं तीस वर्षांचं बोलणं रेकॉर्ड हाय, पुण्याची कंपनी म्हणते, हुबेहूब अण्णांच्या आवाजात नवं मैदान बोलून देतो. मग नगा म्हणू, आमचा माणूस बाजूला सारला."

विजयमालाबाई म्हणाल्या, "आवाज तुम्ही घ्या भाऊजी. माणूस मला राहू द्या."

सर्जेराव पाय आपटत गेले. दुसऱ्या दिवसापासून दारावर पाटी लागली, 'भेटायला येऊ नये. अण्णा बरे आहेत.' गावात दोन दिवस याच पाटीवर चर्चा झाली.

आणि एवढं करून पहिल्या आठवड्यात काहीच घडलं नाही. विजयमालाबाई दुपारी बाराला कडी लावून देवळाच्या पारावर जाऊन बसायच्या, चारला यायच्या. डॉक्टरनं जोडून दिलेल्या फोनवर पट्टीची मिनिटं दिसायची. न्हाणीघरातली अकरा सोडली तर हिरवं शून्य. हिंदुराव खुर्चीत दाराकडे तोंड करून बसलेले असायचे, शाळेत पहिल्यांदा सोडलेल्या पोरासारखे. सातव्या दिवशी विजयमालाबाईंनी डॉक्टरला फोन लावला.

"एकटं असणं आणि टाकलेलं असणं वेगळं," डॉक्टर म्हणाली. "घाबरलेलं पाखरू एकटं असलं तरी गात नाही. निवांत असलं की त्याच्या शरीरात अफूसारखं एक आपलंच रसायन तयार होतं, आणि मग ते स्वतःच्या सुखासाठी गातं. काका निवांत आहेत का? खोलीत काय आहे?"

विजयमालाबाईंनी वळून बघितलं. समोर शब्दांचा तक्ता होता. शेजारी त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली यादी, 'आज म्हणायचे शब्द'. अंगणवाडी काही सुटली नव्हती.

त्यांनी तक्ता काढला, यादी चुलीत घातली आणि विचार करत बसल्या. हा माणूस निवांत कुठं असायचा? घरात तर कधीच नाही. घरात यायचा तो जेवायला आणि निजायला. निवांत असायचा तो तालमीत, दुपारचा, पोरं जोर-बैठका मारून गेल्यावर. आखाड्याच्या कडेला बसून माती चाळायचा. तेल, ताक, हळद घालून कमावलेली ती माती घरी यायची ती त्यांच्या नखांतून, आणि विजयमालाबाई त्यावरून तीस वर्षं भांडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाराला त्यांनी हिंदुरावांना तालमीत नेलं. वस्तादांना आधीच सांगून ठेवलं होतं, चारपर्यंत आत कोणी फिरकायचं नाही. हिंदुराव उंबऱ्याशी थांबले, वास घेतला, आणि काठी भिंतीला टेकवून बायकोच्या आधारानं आखाड्याच्या कडेला बसले. डावा हात मातीत गेला. विजयमालाबाई काही न बोलता बाहेर पडल्या. 'म्हणून दाखवा' हे शब्द ओठांवर आले होते, ते गिळायला त्यांना फार कष्ट पडले.

त्या दिवशी फोनवर दिसलं, हिरवं, सव्वीस मिनिटं. विजयमालाबाई पिंपळाखाली एकट्याच मोठ्यानं हसल्या. दुसऱ्या दिवशी त्रेपन्न, मग दीड तास. चार वाजले की हिंदुराव आपणच काठी टेकत बाहेर यायचे, नखं लाल करून, चेहरा मोकळा. घरी आल्यावर मात्र तेच. पट्टी पिवळी आणि "त... तं..." विजयमालाबाई विचारायच्या नाहीत. फार वाटलं तर उठून भांडी घासायच्या, घासलेलीच.

जत्रा आली आणि गेली. मैदानात मशीन बोललं. लांबून तो आवाज ऐकताना त्यांना नवऱ्याचे शब्द एकेक ओळखू येत होते, हा अमक्या सालचा, हा तमक्या गावचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुराव खाटेवर पडून ऐकत होते. मध्येच त्यांनी तोंड वाकडं केलं, जणू कोणीतरी चुकीचा डाव सांगितला. त्यांना तो आवाज पसंत पडला नव्हता, आणि विजयमालाबाईंना ते बघून बरं वाटलं.

एक्क्याऐंशीव्या दिवशी चार वाजले तरी हिंदुराव बाहेर आले नाहीत.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. विजयमालाबाई पारावरून उठून तालमीच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. आत गेलं तर त्या दिवसाचं सगळं मोडेल. नाही गेलं आणि तो माणूस मातीत पडलेला असला तर? झटका पुन्हा येऊ शकतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नऊ दिवस उरले होते. त्यांनी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं ठरवलं, बारापर्यंत पोचल्या आणि दार ढकललं.

हिंदुराव पडलेले नव्हते. ते आखाड्याच्या मधोमध मांडी घालून बसले होते, मातीनं माखलेले, आणि हलक्या आवाजात कोणाशी तरी बोलत असल्यासारखे डावा हात हलवत होते. कानामागं हिरवा ठिपका दिसत होता. विजयमालाबाईंच्या पायाखाली फळी करकरली.

हिंदुरावांनी वळून बघितलं. ठिपका पिवळा झाला. ओठ मिटले.

"त..." ते म्हणाले. "तं..."

केलं मी वाटोळं, विजयमालाबाईंना वाटलं. आता पाठ ताठ होणार, मान वर येणार आणि जोड सुटणार. त्यांनी मागं सरकायला पाऊल उचललं.

पाठ ताठ झाली नाही. हिंदुरावांनी मातीची एक मूठ उचलली, सोडली, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तू..." बराच वेळ गेला. "तू भाईर बस, माला. माझं... आजून झालं न्हाई."

विजयमालाबाई होत्या तिथंच उभ्या राहिल्या. हे वाक्य तीस वर्षांत कुठल्या मैदानात बोललं गेलं नव्हतं. ठिपका पिवळाच होता.

"किती वेळ लागेल?" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यांनी जीभ चावली.

हिंदुराव विचारात पडले. शब्द शोधायला ते कुठंतरी आत गेले, आणि परत आले ते चांगलेच वैतागून.

"मला काय म्हाईत? तू... सारखी आत येतीस, मग वेळ हुणारच की!"

"बरं, बरं. चुकलं माझं," विजयमालाबाई म्हणाल्या.

"दार लाव."

त्यांनी दार लावलं. कडीवर हात तसाच राहिला. नवऱ्यानं घालवून दिलं म्हणून इतका आनंद झालेली बाई त्या गावात दुसरी झाली नसेल. डोळे वाहत होते, आणि हसू असं फुटत होतं की पदराचा बोळा तोंडात घालावा लागला. नऊ दिवस होते. नऊ दिवस खूप होते.

आतून पुटपुटणं पुन्हा सुरू झालं. काय म्हणतोय हे ऐकावं म्हणून त्यांचं सगळं अंग दाराकडे ओढलं गेलं. त्या दोन पावलं लांब झाल्या, पायरीवर बसल्या, आणि दोन्ही कानांत बोटं घालून उन्हं उतरेपर्यंत तशाच बसून राहिल्या.